बोटभर कॉफी

ऐका हं, झाशीत सिव्हिल लाइन्सला एक आजी राहते, म्हणजे मीच, आणि माझी नात जुई. जुईचा जीव एका मुलावर जडलेला, पण त्याची आई काही हो म्हणेना. एकदाचे मायलेक घरी आले. जुईनं आपल्या नव्या यंत्रावर एस्प्रेसो कॉफी काढली. बघते तर कपाच्या तळाला बोटभर.

"अगं, बाकीची कुठाय?"

"आजी, एवढीच असते."

ती बाहेर बिस्किटं द्यायला गेली. पाहुण्यांपुढे रिकामा कप ठेवायची आपल्यात रीत नाही. यंत्रात कॉफीची तीच भुकटी अजून होती. मी एकेक कप खाली धरला आणि काठोकाठ भरेपर्यंत बटण दाबून धरलं.

मुलानं घोट घेतला. "आजीजी, ये कुछ ज़्यादा कड़वी है."

जुईचे डोळे भरले. माझं काय चुकलं, मला कळेना.

त्याच्या आईनं मात्र साखर घालून कप संपवला. म्हणाली, "हा मला रोज बोटभर देतो आणि म्हणतो, हीच खरी. पोटभर आज मिळाली. आजी, साखरपुडा कधी करू या?"

लग्न होऊन जुई सुखात आहे. कॉफी बिघडली होती की नाही, ते मला अजून कोणी सांगत नाही.