भिंतीवरचा बदाम

सन्माननीय अध्यक्ष राममूर्तीराव, व्यासपीठावरच्या श्रीलक्ष्मी टीचर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आमच्या वेंकूआजी, त्यांचे चिरंजीव सेतुमाधवकाका आणि समोरच्या समस्त थोरामोठ्यांनो,

माझं सगळं बदललं तो क्षण आपण बहुतेकांनी याच हॉलमध्ये पाहिलाय. नवरात्रातल्या गाण्यांच्या संध्याकाळी या भिंतीवर माणसाएवढा लाल बदाम उमटला, आणि खाली विनुताचं नाव. त्यानंतर मी इथे पाऊल टाकलेलं नाही. आज माझी मान खाली आहे ती कागद वाचण्यासाठी, असं आपण कृपा करून समजावं.

तिरुवैयारूहून आलेल्या पाहुण्यांसाठी थोडं सांगतो. वेंकूआजींना येणारी गाणी आता दुसऱ्या कुणालाच येत नाहीत. इथे तमिळ मुलखात वाढलेल्या आपल्या पोरांना मराठी कळतं, पण देवनागरी वाचता येत नाही. मला तरी कुठे येतं? हे भाषण मी तमिळ अक्षरांत लिहून आणलंय. म्हणून ठरलं, की गाणी इंग्रजी अक्षरांत टाइप करून भिंतीवर दाखवायची. आजींनी म्हणायचं, पोरांनी वाचत वाचत मागून म्हणायचं. पण नुसत्या इंग्रजी अक्षरांनी भागेना. लांब आवाजाला डोक्यावर रेघ हवी, ळ दाखवायला खाली टिंब हवं. ही अक्षरं कीबोर्डवर नसतात. एक, ई, तीन, सात असं टाइप करायचं, मग आल्ट धरून एक्स दाबायचं, की टिंब घेऊन अक्षर हजर.

आजींची नात, सेतुमाधवकाकांची मुलगी विनुता, त्यांच्याजवळ बसून गाणी लिहून घ्यायची आणि मी टाइप करायचो. मला दुसरं काम तरी काय होतं? प्राध्यापकांशी भांडून तिसऱ्या वर्षात कॉलेज सोडलं, त्यांनी परत बोलावलं तरी गेलो नाही, आणि राजवाड्याजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात येऊन बसलो. माझं डोकं किती लवकर तापतं ते माझ्या अप्पांना विचारा. नको, आज नका विचारू.

बदाम काढायला मात्र फार सोपा. आल्ट धरायचं आणि उजवीकडच्या आकड्यांतला तीन दाबायचा. अंगाईच्या शेवटच्या पानावर तो मी काढला, लाल केला, खाली तिचं नाव टाइप केलं. तिला दाखवीन म्हटलं होतं. धीर झाला नाही, आणि पुसायचाही राहिला.

तो भिंतीवर आला तेव्हा आधी पोरं हसली, मग मोठी माणसं. मागून कुणीतरी तमिळ हेल काढून म्हणालं, "कॉलेजात इतकंच शिकला वाटतं, पा." सेतुमाधवकाका उठून उभे राहिले. विनुता पदराशी चाळा करत जमिनीकडे बघत होती. अशा वेळी शहाण्या माणसाने काय करावं? पान बदलावं, हात जोडावेत. मी प्रोजेक्टरची वायर उपटली. भिंत काळी झाली आणि पोरं गप्प बसली. आजींना दिसतं कमी. त्या एकट्याच दोन ओळी गात राहिल्या, मग थांबल्या.

"कां गे विनू, पोरं सगळीं निजलीं कीं काय?"

त्यावर कुणी हसलं नाही. लोक हसले म्हणून मला राग आला होता. ते हसायचे थांबले तेव्हा मला तोंड लपवायला जागा उरली नाही. ती अंगाई तिथेच अर्धी राहिली.

आता काका सगळ्यांना घेऊन होसूरला राहायला निघालेत. परवा विनुता दुकानात आली. म्हणाली, "आजी निघते. तिची अंगाई राहिलीय. पानांत कुठे कुठे टिंबं सुटलीत, ती कशी द्यायची तेवढं सांग."

मी म्हटलं, मीच करून देतो.

"नको. तू सांग, मी करते."

मी सांगत गेलो, ती टाइप करत गेली. शेवटचं पान उघडलं तर बदाम तिथेच. तिने खुर्ची मागे सारली आणि म्हणाली, "हा तू पूस." मी पुसला. नावही पुसू का, विचारलं.

"नाव राहू दे. गाणं मी लिहून घेतलंय."

सेतुमाधवकाका, आपली मान चार माणसांत माझ्यामुळे खाली गेली. विनुता, तुझीही. हे मी कसलीही आशा न धरता बोलतोय... खोटं कशाला बोलू, आशा आहे. पण आज माझं काही मागायचा दिवस नाही.

आजचा दिवस आजींचा. ती अंगाई पोरांनी त्यांच्यामागून अजून एकदाही पुरी म्हटलेली नाही, आणि सकाळी गाडी आहे. आत्ता म्हणतील. पानं विनुता बदलेल. अक्षरं दिसायला अंधार हवा, आणि या हॉलचं दार आतून बसत नाही. व्हरांड्यातला उजेड थेट भिंतीवर येतो. कुणीतरी ते बाहेरून ओढून धरावं लागतं. ते काम मी राममूर्तीरावांकडून मागून घेतलंय. मी आत असलो तर लोक भिंतीऐवजी माझ्याकडेच बघतील, हेही आहे.

मला बोलू दिलंत, आपले उपकार आहेत. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर लहान समजून पोटात घाला. त्या संध्याकाळचं मात्र घालू नका, ते माझ्यापाशीच राहू दे.

आजी, नमस्कार करतो. राममूर्तीराव, दिवे घालवायला सांगा. मी बाहेर पडतो, आणि दार ओढून घेतो.