रक्तात गाठ होऊ नये म्हणून

नको, आत जाऊ नकोस अजून — स्वल्प बस इथं माझ्याजवळ, रक्तपेढी काय पळून जात नाही. मारतहळ्ळीहून आलास म्हणजे ट्रॅफिकमध्येच दमला असशील. नागपूरचा, होय? माझं मराठी ऐकून हसू येतंय ना? येऊ दे. आम्ही पिढ्यान् पिढ्या इथलेच — घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. हर्षिता, फोन केला ना तुला, ती माझी लेक. प्लाझ्मा तिच्या वडलांना पाहिजे — आमचे हे, प्रतापराव. फुटबॉलचे रेफरी. हेब्बाळच्या पोरांना विचार, ह्यांची शिट्टी वाजली की मैदानाबाहेर भांडणारे बापसुद्धा गप्प बसायचे!

मग हार्टचं झालं. स्टेंट घातला, घरी आले, चांगले होते रे. रक्तात गाठ होऊ नये म्हणून गोळी दिली — सगळ्यांनाच देतात, काही होत नाही कुणाला. काय? तुझे वडीलपण घेतात? घेऊ देत, बाबा, घेऊ देत! माझं ऐकून बंदबिंद करायला लावशील — तसलं काही करू नकोस. लाखात एखाद्याला होतं असं, डॉक्टर म्हणाले. तो एखादा आमच्या घरात निघाला, त्याला कोण काय करणार? पंधरवडाही झाला नसेल, नडग्यांवर जांभळे ठिपके उठले. हे हसले — "जन्मभर पोरांच्या लाथा खाल्ल्या, आता मैदानात न जाताच वळ उठतायत बघ." मीपण हसले. मग लघवी काळपट, कॉफीच्या डिकॉक्शनसारखी. मग एका सकाळी मला म्हणतात, "अक्का, तुम्ही कुणाकडं आलात?" मला! बायकोला — अक्का!

इथं आणलं तर काय — गाठ होऊ नये म्हणून दिलेल्या गोळीनंच अंगभर बारीक बारीक गाठी केलेल्या, केसाएवढ्या नळ्यांतनं, आणि त्या गाठींतच प्लेटलेट संपून गेलेल्या. मी म्हटलं, मग प्लेटलेट चढवा की! तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाही अम्मा, ते आगीत तेल. गोळी थांबवली, आणि रोज यंत्राला लावून ह्यांचा प्लाझ्मा काढायचा, दुसऱ्यांचा घालायचा. पुष्कळजण त्यानं उठून बसतात म्हणे. हेही बसले होते एकदा! "संयोगिता, कॉफी दे" — असं नाव घेऊन म्हणाले. हर्षितानं सगळ्या नर्सना मैसूरपाक वाटला. आणि दुसऱ्याच दिवशी मेंदूत अडकली की रे एक गाठ. तेव्हापासनं डोळे उघडले नाहीत.

म्हणून म्हणते, उगी हात टोचून घेऊ नकोस. का म्हणजे — सकाळी बाईंनी मला एकटीला आत बोलावलं, खांद्यावर हात ठेवला. आता प्लाझ्मा बदलून उपयोग नाही म्हणाल्या, यंत्र बंद करू... अय्यो, हे तुला कशाला सांगितलं मी? कुणालाच बोलले नव्हते. हर्षिताला तर नाहीच — ती सकाळपासनं खाली फोन लावत बसलीय, "आई, अजून दोघं येतायत" म्हणते, तिच्या तोंडाकडं बघितलं की माझी जीभच — ती बघ, लिफ्टमधनं आलीच. ऊठ. ऊठ बाळा, डोळे पूस आधी. रक्त वाया जात नाही, कुणाला तरी चढेल — पण तिला काही बोलू नकोस, तुझ्या पाया पडते.

हर्षिता, अगं हा निहार, आत्ताच आला... हो, देतोय की, लगेच देतोय. सरी, सरी, बरं, मी बसते इथंच.

जा रे. बाही वर कर आणि जा.