बाबा, थांबा. राग्ना, उतर.

सन्माननीय अध्यक्ष व मुख्याध्यापिका सिग्नेबाई, व्यासपीठावर विराजमान झालेले फेरीबोटीचे कॅप्टन हाल्वर, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या तोरुनबाई, आणि ज्यांचा अर्धा जीव आत्ताच मागे मांडलेल्या गरम वॅफलकडे लागलाय अशा बंधुभगिनींनो,

मी या शाळेत टिकलो नाही, पुढेही कुठेच टिकलो नाही. त्यामुळे भाषण भरकटलं तर हाक मारा.

तोरुनबाई आम्हाला कामाच्या अनुभवासाठी बाहेर धाडायच्या. मला फेरीबोट मिळाली. तिथली शिस्त अशी, की धोका दिसला तर सगळ्यात नवख्यानेही काम थांबवायचं. "अरे, कुणीतरी थांबा" असं ओरडून नव्हे, एकेकाचं नाव घेऊन.

दर शुक्रवारी बाई विचारायच्या, "हे बोटीबाहेर कुठे वापरलंस?"

"मांजरावर."

वर्ग हसायचा. बाई नाही. "मांजर ऐकतं?"

"छे!"

"मग माणसांवर करून बघ."

त्या हिवाळ्यात बाबा मासेमारीला निघाले, सोबत माझी थोरली बहीण राग्ना. उडालेलं पाणी होडीवर गोठून घट्ट बसलेलं. तो बर्फ न फोडता निघालं तर होडी वरून जड होऊन कलंडते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. पण शेजारी आधीच गेले होते. आणि शेजाऱ्याच्या मागून निघणं म्हणजे आमच्या धक्क्यावर मरणाहून वाईट. या शेजाऱ्याचंही एकदा सांगायचंय... असो, आज नको.

मी धक्क्यावरून म्हणालो, "बाबा, थांबा. राग्ना, उतर."

बाबा हसले. "आले कॅप्टनसाहेब! कपबशा विसळतोस ना रे तिथे?"

"बाबा, फोडूया ना आधी," राग्ना म्हणाली.

"मग उतर तू. भित्र्यांनी घरी बसून मोजे विणावेत!"

ती उतरली. मी धक्क्यावरची दोरी सोडली, बाबा एकटेच निघाले. होडी उलटी सापडली. बाबा सापडले नाहीत.

आई अजून विचारते, "हिला उतरवलंस, मग त्यांची दोरी का सोडलीस?" काय सांगू? मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मलाही नाही सांगता येत रे." मग आमच्या घरी आल्या आणि आईशेजारी नुसत्या बसून राहिल्या.

नेतृत्व म्हणजे काय, यावर मी बोलावं असं कार्यक्रमपत्रिकेत छापलंय. मला ठाऊक नाही. दोघांना हाक मारली, एकीने ऐकली.

बाई, आभार मानायला माझे शब्द तोकडे पडतात. अध्यक्षांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत. काही वेडंवाकडं बोललो असेन तर मनात ठेवू नका.

आई आली नाही. राग्ना आलीय, तिकडे दाराशी.

ए राग्ना, जरा पुढे ये ना. बाईंना दिसू दे.