कालुंदरांचं घर

बायकोने, सुमतीने, माझ्याशी दोन दिवस अबोला धरला होता, तोही माशांपायी. साठच्या दशकातली गोष्ट. तारापूरला मोठं बांधकाम चालू होतं आणि मी ओव्हरसियर म्हणून बोईसरला राहत होतो. घरात काचेची मोठी टाकी होती. तिच्यात खाडीतून आणलेली कालुंदर माशांची जोडी सोडली आणि खाली वाळूत मुंबईहून आणलेली पाणवनस्पती लावली.

दुसऱ्या दिवशी सगळी रोपं उपटून वर तरंगत होती. मी पुन्हा लावली, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी सुमतीवर भडकलो. "माझ्या टाकीत हात घालू नकोस म्हणून किती वेळा सांगायचं?"

त्या दिवसापासून ताटसुद्धा न बोलता समोर यायचं.

मग मासळीवाली गंगाबाई दारात आली. टाकीत डोकावून हसायलाच लागली.

"साहेब, झाडं कशाला लावता? ती मासली अंडी घालायला जागा साफ करते हाय. नवरा-बायको दोघं मिलून करतात. तुमी लावाल, ती उपटल."

मी पाहत राहिलो. खरंच, दोघंही तोंडाने वाळू उकरत होते. उरलेलं रोप मी मुकाट्याने काढलं आणि काचेजवळ वाकून म्हणालो, "चुकलं बाई माझं."

मागून सुमतीचा आवाज आला. "मासळीची माफी मागून झाली असेल, तर मीही इथेच उभी आहे."

मागितली. गंगाबाई टोपली खाली ठेवून ऐकत होती, पण इलाज नव्हता.