शीतगृहाचे रोखे

...आणि शिव्या मलाच! तुम्हाला सांगतो, बंदर मंडळाच्या अध्यक्षाला कोणी चकार शब्द बोलत नाही, तो अजून चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसतो, आणि मी रस्त्यानं निघालो की धुरावर मासे सुकवणाऱ्या बायका ओरडतात, "आला गं, कागदवाला!"

माझं चुकलं काय? सात वर्षं परदेशात शिकून परत येतो, तर आमची अराबामावशी सत्तरीतसुद्धा ओतू भिशीवाल्याला रोज दहा सेडी देतेय! ओतू सायकलवर येणार, वहीत टिंब काढणार, महिनाअखेरीला एका दिवसाचे पैसे स्वतःला ठेवून बाकीचे परत देणार. म्हणजे व्याज तर नाहीच, वर आपलेच पैसे सांभाळायची हमाली! आणि तेवढ्यात मंडळानं रोखे काढले... मासळीसाठी शीतगृह बांधायचं, त्याला गावाकडूनच कर्ज घ्यायचं, तीन वर्षांनी व्याजासकट परत. अहो, गावाचा पैसा गावाच्या कामाला! यासाठीच तर आलो होतो मी! रोखे विकत बायकांच्या भट्टीभट्टीवर फिरलो. स्वतःच्या नि नवऱ्याच्या अंत्यविधीसाठी मावशीनं जन्मभर साठवलेले पैसे मीच रोख्यांत घातले. म्हटलं, "कागद पक्का आहे, मावशी!"

ती म्हणाली, "ओतूचं घर मला ठाऊक आहे, एबो. कागदाचं घर कुठंय?"

मी हसलो. हसलो हो मी!

मुदत संपायला महिना राहिला आणि मावशीचा नवरा, आमचे फिइफीकाका, गेले. ठेवले शवागारात. आता घाईगडबडीत कोणी पुरतं का माणसाला? मांडव, वाजंत्री, काळी-लाल कापडं, गावजेवण... पैसे येईपर्यंत राहतील थंडीत, भाडं दिवसावर. मी म्हटलं, महिन्याचाच प्रश्न, कागद पक्का आहे!

महिना भरला. मंडळात गेलो. कारकून केळ्याचे काप खात होता. "बुडाले कुठं, साहेब? मुदत वाढलीय फक्त. पंधरा वर्षं."

"आणि शीतगृह?"

"चार खांब झालेत की! बकऱ्या बसतात सावलीला. काळजी नको, कागद पक्का आहे!"

माझंच वाक्य... माझ्याच तोंडावर!

मावशीला सांगितलं. वाटलं, छाती पिटेल. ओतू तिथंच होता, टिंब काढायच्या आधी त्यानं टोपी काढली. ते जास्त लागलं हो. मावशी जाळीवरचे मासे उलटत होती. "पंधरा वर्षांनी मी किती वर्षांची?"

"अठ्ठ्याऐंशी."

"हं. शीतगृहाला पैसे दिले, आणि शीतगृहात राहिला माझा नवरा." तिनं एक मासा उलटला. "उद्या शवागारात जा. त्याच्या शेजारचा खण रिकामा झाला की माझ्या नावानं धरून ठेव. पंधरा वर्षांनी दोघांचं एकाच मांडवात उरकता येईल. कागद पक्का आहे ना रे?"

परदेशी शिकलेला माणूस मी...

गेलो. दर विचारून आलो.