तिसऱ्या मजल्यावरील भाडेकरूबाबत

पुरवणी जबाब, दि. १९ सप्टेंबर, दुपारी १२.१०

मी, मूळ तक्रारीतील तक्रारदार, वय ४८ वर्षे, व्यवसाय नोकरी (पाणीपुरवठा कार्यालयात कारकून), राहणार तक्रारीत दिलेल्या पत्त्यावर, आज पोलीस ठाण्यात स्वतः येऊन सांगतो की,

वरील पत्त्यावर मी आई, धाकटा भाऊ, त्याची पत्नी व त्यांची तीन मुले यांच्यासह राहतो. घर अडीच खोल्यांचे आहे. मला मूल नाही. माझी पत्नी रुग्णालयात रक्ततपासणी विभागात नोकरीस होती. दि. ११ जून रोजी सकाळी ती कामावर चक्कर येऊन पडली व १३ तारखेला वारली.

दि. २ सप्टेंबर रोजी मी या ठाण्यात लेखी तक्रार दिली. आमच्या मालकीच्या खोलीतील भाडेकरू बाई जुलैपासून भाडे देत नाही, आत असूनही दार उघडत नाही आणि आमच्याकडे त्या जागेची चावी नाही, असे त्यात लिहिले आहे. यातील बराचसा मजकूर चुकीचा निघाला. तो दुरुस्त करण्यासाठी आलो आहे.

ही जागा आम्ही चार वर्षांपूर्वी घेतली. त्याआधी मी घरांतील गुंतवणूक नव्याने सुरू करणाऱ्यांसाठीच्या वर्गाला तीन रविवार गेलो होतो. वर्ग घेणारे गृहस्थ जागांची दलाली करतात. त्यांना सगळे सर म्हणतात. पहिली जागा लहान घ्यावी, तिच्यात जीव गुंतवू नये, मालकाने भाडेकरूला भेटू नये, बोलणे एकाच माणसामार्फत ठेवावे आणि दर वर्षी भाडे वाढवावे, असे त्यांनी सांगितले. मी ते वहीत उतरवून घेतले. त्याप्रमाणे कर्ज काढून तिसऱ्या मजल्यावर एक खोली, मोरी व एक खिडकी अशी जागा घेतली. ती पत्नीच्या रुग्णालयापासून चालत दहा मिनिटांवर असल्याने भाडेकरूचे सर्व तिच्याकडे सोपवले. दोन्ही चाव्या तिलाच दिल्या. त्यानंतर मी त्या जागेत गेलो नाही.

महिन्याभरात पत्नीने भाडेकरू मिळाल्याचे सांगितले. एकटी बाई आहे, नोकरी करते, कसलीही कटकट नाही, असे ती म्हणाली. मी नाव विचारले. त्यावर ती म्हणाली, "नाव कशाला हवंय? तुमचे सरच सांगतात ना, ओळख वाढवायची नाही." करारनामा झाल्याचे तिने सांगितले. मी तो पाहिला नाही. भाडेकरूची माहिती ठाण्यात द्यायची असते, हे मला माहीत होते. तीही दिली नाही.

भाडे दर महिन्याच्या पाच तारखेला पत्नीच्या हातून रोख येत असे. एकदाही चुकले नाही.

पहिल्याच वर्षी भाडेकरूने खिडकीची कडी बदलून मागितली. वाऱ्याने झडप आपटते आणि दुपारची झोपमोड होते, असा निरोप पत्नीने आणला. मी म्हणालो, "दुपारी झोपायला घेतलीय का तिनं जागा?" पत्नी म्हणाली, "घेतली असेल बाई." किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने स्वतः करावी, असे मी कळवायला सांगितले.

दुसऱ्या वर्षी मी भाडे वाढवले. पत्नी म्हणाली, "जड जाईल हो तिला." मी म्हणालो, "परवडत नसेल तर सोड म्हणावं." तिने विचारून सांगते म्हटले. दुसऱ्या दिवशी सांगितले, "देते म्हणाली. आणि विचारत होती, मालक रागीट आहेत का." तू काय सांगितलेस, असे मी विचारले. ती म्हणाली, "म्हटलं, भेटलात तर कळेल." तिसऱ्या वर्षी पुन्हा भाडे वाढवले. पुढच्या पाच तारखेला तिने वाढीव रक्कम आणून दिली.

पत्नी सकाळी साडेसहाला घरातून निघे आणि संध्याकाळी सहाला परत येई. आई तिला म्हणत असे, "इतका वेळ कसली गं ड्युटी? दवाखाना काय तुझ्या एकटीच्या जिवावर चाललाय?" ती म्हणे, "हो ना आई. मी नसले तर कुलूपच लागेल." यावर घरात हसत.

पाच जुलैला भाडे आले नाही. मी भाडेकरूच्या दाराखालून चिठ्ठी सरकवून यायला भावाला सांगितले. माझी पत्नी वारली आहे, यापुढे व्यवहार माझ्याशी करावा, असा मजकूर होता. ऑगस्टमध्ये दुसरी चिठ्ठी पाठवली. ती कडक शब्दांत होती. त्या वेळी दारात उभे असताना भावाला आत गजर वाजून बंद झालेला ऐकू आला. घरी येऊन तो म्हणाला, "दादा, तुझी भाडेकरू पक्की आहे. वहिनी गेल्याचं कळलं आणि आत लपून बसली." याच सुमारास सरांनी जागेला गिऱ्हाईक आणले. त्या गिऱ्हाइकाला जागा रिकामी हवी होती. म्हणून मी तक्रार दिली.

काल दि. १८ रोजी सकाळी १०.३० वाजता हवालदार, चावीवाला, भाऊ व शेजारच्या खोलीतील निवृत्त गृहस्थ यांच्यासमोर कुलूप तोडले. आत कोणी नव्हते. माझ्या दोन्ही चिठ्ठ्या उंबऱ्याच्या आत न उघडलेल्या पडल्या होत्या. खोलीत एक चटई, उशी, चादर, पाण्याचा तांब्या आणि गजराचे घड्याळ एवढेच सामान होते. स्वयंपाकाचे काही नव्हते. घड्याळ चालू होते व गजर ५.२० ला लावलेला होता. खिळ्याला रुग्णालयाचा पांढरा कोट होता. तो माझ्या पत्नीचा आहे. खिडकीची झडप बुटाच्या नाडीने बांधलेली होती. ती नाडी माझ्या जुन्या बुटाची आहे.

शेजारचे गृहस्थ म्हणाले, "ताई रोज अडीचला यायच्या, साडेपाचला जायच्या. तो गजर अजून वाजतोय, पहाटेसुद्धा. मी एकदा विचारलं होतं, एवढं भाडं भरून नुसतं झोपायला येता? तर म्हणाल्या, काका, घरी माणसं फार चांगली आहेत. पण फार आहेत."

हे ऐकून भाऊ खाली निघून गेला. भाडेकरू कोण, असे हवालदारांनी मला विचारले. माझी पत्नी, असे मी सांगितले. भाडेही तीच भरत होती.

त्यानंतर मी रुग्णालयात गेलो. गेली चार वर्षे तिची ड्युटी सात ते दोन होती आणि तीन वर्षांपूर्वी तिला बढती व पगारवाढ मिळाली होती, असे तिच्या विभागात कळले. तेथून घरी आलो. तिची पर्स कपाटात ती ठेवत असे तशीच टांगलेली होती. मी ती जूनपासून उघडली नव्हती. त्या जागेच्या दोन्ही चाव्या तीत मिळाल्या. म्हणजे चावी आमच्याकडे नाही, हे माझे लिहिणेही चूक होते.

दुपारी साडेतीनच्या सुमारास सरांचा फोन आला. "काय, झाली का जागा रिकामी?" असे त्यांनी विचारले. मी नाही म्हणालो. ते म्हणाले, "अहो, पोलीस नेऊनसुद्धा नाही? गिऱ्हाईक थांबायचं नाही." थांबू नये असे कळवा, असे मी सांगितले. भाऊ जवळच होता.

चारच्या सुमारास हार्डवेअरच्या दुकानातून एक कुलूप, खिडकीची कडी व चार स्क्रू घेऊन मी एकटा त्या जागेत गेलो. नाडी सोडून कडी बसवली. झडप आता नीट लागते. नंतर चटईवर बसलो. ५.२० वाजता गजर झाला. तो बंद केला, दाराला नवे कुलूप लावले आणि साडेपाचला निघालो.

माझी कोणाविरुद्ध काही तक्रार राहिलेली नाही. हे सर्व लिहून झाल्यावर मला मोठ्याने वाचून दाखवले. मी सांगितले तसेच लिहिले आहे, म्हणून खाली सही करतो.