अर्ध्यावर थांबणारी काच

ब्रेक नीट लागतात ना, हे महिन्यात तिसऱ्यांदा तपासून घ्यायला मी गॅरेजात आले होते. बाळ मांडीवर झोपलं होतं. शेजारच्या बाकावर एक आजोबा बसले होते, तेवढ्यात आजी आल्या.

"अहो, गिऱ्हाईक आलं नाही अजून?"

"येऊन गेलं."

"मग गाडी इथंच कशी?"

"त्यानं विचारलं, काही खोट आहे का. मी सांगितली."

"साडेतीन लाख किलोमीटर पळाली, एकदा रस्त्यात बसली नाही. कसली खोट?"

"मागची डावी काच अर्ध्यावरच थांबते."

"ती तुम्हीच अडवून घेतलीत ना! पोरगी डोकं बाहेर काढायची म्हणून!"

"ते नाही सांगितलं."

"वा! आणि आता तीच पोरगी म्हणतेय, जुनी विका, मी नवी घेऊन देते. तिला काय सांगणार?"

"सांग, गिऱ्हाईक पळालं."

"दुसरं पाच वाजता येतंय."

"त्याच्याशी तू बोल बाई. माझ्याच्यानं आता दुसरी खोट निघायची नाही."

"बोलते. ऑइल पिते म्हणून सांगते."

"अगं, थेंबभर जास्त पीत नाही ती! उगाच तिच्यावर आळ कशाला?"

"घरात ठेवायचीय ना? मग पाच मिनिटं ऐकून घ्या. आणि मध्ये तिची बाजू घेऊ नका!"